जाऊबाईंची फुप्फुसं आणि आमची मतं

आमच्या घराच्या तळमजल्यावर दात तयार होतात. माझ्या थोरल्या जाऊबाई कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडात लगदा दाबून माप घेतात, ते आमच्याकडे पाठवतात, आणि मग जाऊबाई प्लास्टरचा जबडा ओतून, त्यावर मेण चढवून एकेक दात ओळीत बसवतात. सगळ्यात शेवटी गुलाबी हिरड्या मशीनवर घासून चकचकीत करायच्या. त्या मशीनची घरघर आणि तिच्यातून उडणारी पांढरट धूळ आमच्या जिन्यापर्यंत येते. शहरातली निम्मी म्हातारी माणसं जाऊबाईंच्या जिवावर हसतात. हसताना कोणी त्यांची आठवण काढत नाही. कवळी टोचली की मात्र न चुकता काढतात.

जाऊबाई टेकडीवर धावायला लागल्या त्याही दातांपायीच. टेकडीपलीकडच्या एका डॉक्टरांना कवळ्या पोचवायच्या होत्या. पाइप टाकण्यासाठी रस्ता खणून ठेवला होता, रिक्षावाले यायला तयार नव्हते, आणि तिकडे एक आजोबा तोंड उघडून खुर्चीत बसलेले. जाऊबाईंनी पिशवी उचलली आणि सरळ टेकडी ओलांडली. उशीर झाला म्हणून उताराला धावल्या. परत येताना काही घाई नव्हती, तरी धावल्या. तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या आणि पायात घरातल्या चपला होत्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "अगं, वर गेल्यावर मशीनचा आवाज डोक्यातून गेला." दुसऱ्या दिवशी त्यांनी बूट आणले. घरात शोककळा पसरली.

शोक मुख्यतः भावजींना झाला. भावजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान आणि माझे थोरले दीर, शाळेत भूगोल शिकवायचे. जगातल्या सगळ्या पर्वतांची उंची त्यांना तोंडपाठ. स्वतः ते आयुष्यात शाळेच्या जिन्यापेक्षा उंच चढलेले नव्हते, पण एवढ्यातेवढ्यावरून माणसाचा अधिकार जात नाही. "चढणीवर हृदयावर ताण येतो," ते सांगायचे, तेही आरामखुर्चीत पडून, म्हणजे स्वतःच्या हृदयाची पूर्ण काळजी घेऊन.

जाऊबाई ऐकून घ्यायच्या आणि पहाटे निघून जायच्या. असं बरीच वर्षं चाललं. टेकडीवर पाण्याची टाकी आणि टॉवर आहे, तिथपर्यंत जाऊन यायचं. तिथे धावणाऱ्यांची एक टोळीही होती. तिचा म्होरक्या एक निवृत्त पंच. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्याचं नावच शिट्टी पडलं. दरवर्षी टेकडीची शर्यत व्हायची आणि जाऊबाई त्यांच्या वयाच्या बायकांत दुसऱ्या यायच्या. गटात बायका तीनच असायच्या, हे भावजी प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगत. नवऱ्याने कौतुकात वाहवत जाऊ नये, याबाबतीत ते फार दक्ष होते.

मग जाऊबाई आजारी पडल्या.

आधी खोकला आला. त्यांनी कानाडोळा केला, कारण एका बाईंची कवळी तातडीची होती. मग ताप आला. तरी दोन दिवस मशीनवर बसल्या. तिसऱ्या दिवशी जिना चढून वर आल्या त्या भिंतीला धरून, आणि माझ्या दारात खालीच बसल्या. ओठ निळसर झाले होते. आमचे हे धावत जाऊन गाडी घेऊन आले. न्यूमोनिया निघाला. फुप्फुसाभोवती पाणी साचलेलं. नाकात नळ्या, पाठीत सुई, आणि टेकडी ओलांडणाऱ्या बाईला कूस बदलायला दोन माणसं लागायला लागली. पहिल्या आठवड्यात आमच्या सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. भावजी हॉस्पिटलच्या बाकावर इतके गप्प बसायचे की नर्सने मला विचारलं, "यांना बोलता येतं ना?"

जाऊबाईंचा ताप उतरला आणि त्यांना बोलता यायला लागलं. तोवर आल्यागेल्याचं ठरून गेलं की हे सगळं धावण्यामुळे झालं. कोणी फळं आणायचं, कोणी फुलं, पण हे मत प्रत्येकजण आणायचाच. चुलत नणंद म्हणाली, "पहाटेची हवा छातीत बसते." शेजारीण म्हणाली, "या वयात एवढं शोभतं का?" फुप्फुसांना वयाची लाज वाटते आणि ती पाण्याने भरतात, हा शोध मला नवा होता.

छातीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि तोलूनमापून बोलायच्या. त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"कवळ्या बनवते."

"खोलीत धूळ होते? बाहेर हवा फेकणारा पंखा आहे? तोंडाला मास्क?"

"धूळ होते," जाऊबाई म्हणाल्या. पुढच्या दोन प्रश्नांना त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

"धावण्याने न्यूमोनिया होत नाही," डॉक्टरीणबाई भावजींकडे वळून म्हणाल्या. "जंतूने होतो. पण त्या धुळीने यांची छाती आधीच कुरकुरत असणार. पंखा बसवून घ्या."

भावजींनी त्या वाक्यांतले 'धावणं' आणि 'नाही' असे दोनच शब्द उचलले आणि ते घेऊन घरी आले. जाऊबाईंचे बूट त्यांनी कपाटावर, शाळेच्या जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे ठेवून दिले. पंख्याचा विषय निघाला की म्हणायचे, "बघू, भिंत फोडावी लागेल." भिंतीची त्यांना फार काळजी.

घरी आल्यावर जाऊबाई खिडकीशी बसून असायच्या. तिथून टॉवर दिसतो. अंघोळीला जाऊन आल्या तरी दम लागायचा. एकदा मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "तो टॉवर कोणीतरी लांब नेऊन ठेवलाय बघ." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आता परदेशाचं सांगते. भावजी निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एका पर्यटन कंपनीकडे आम्हा चौघांची सहल ठरवली होती. बर्फाचे डोंगर, सरोवरं, रोपवे, सगळं. जन्मभर फळ्यावर खडूने काढलेला बर्फ एकदा डोळ्यांनी बघायचा होता. हे सगळं आजाराच्या आधीचं. सहल रद्द केली तर पैसे परत नाहीत, असं कळल्याबरोबर भावजींचं वैद्यकीय मत पार बदललं. आमच्या टेकडीवरची जी हवा फुप्फुसांना घातक होती, तीच परदेशात तिकीट काढून मिळणार म्हटल्यावर औषधी झाली. "डोंगरी हवा म्हणजे टॉनिक!" ते म्हणाले. चुलत नणंदेलाही ते पटलं.

डॉक्टरीणबाईंनी जाऊबाईंना तपासलं, छातीचा फोटो काढला आणि म्हणाल्या, "जा. पण चढ आला तर हळू. दम लागला तर थांबायचं. कोणी हसलं तर हसू द्यायचं."

सहलीत डोंगर भरपूर बघितले, बहुतेक सगळे काचेतून. बसची काच, हॉटेलची काच, उपाहारगृहाची काच. आमच्या मार्गदर्शकाच्या हातात एक पिवळी छत्री असायची. ती वर गेली की उतरायचं, खाली आली की चढायचं. डोंगर दिसला की त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि फोटो काढायचा. भावजी प्रत्येक शिखराची उंची सांगायचे. शिखरासमोर पाटी असली की तिच्याशी ताडून बघायचे, आणि पाटी चुकली असेल तर त्यांना वाईट वाटायचं, पाटीबद्दल.

मग तो मोठा रोपवे. पाळण्यातून वर जाताना भावजींनी सगळ्यांना विरळ हवेवर व्याख्यान दिलं. उंचीवर प्राणवायू कसा कमी पडतो, डोकं कसं दुखतं, मळमळतं कसं, नवख्या माणसाने काय जपावं. सगळं अचूक होतं. वर पोचल्यावर त्यांनी ते एकेक करून दाखवलं. आधी डोकं धरलं, मग चेहरा पांढरा पडला, मग कठड्यावरून वाकले आणि सकाळचा नाश्ता त्या पवित्र बर्फाला अर्पण केला. परवा-परवापर्यंत नाकात नळ्या असलेल्या जाऊबाई शेजारी उभ्या राहून त्यांची पाठ चोळत होत्या.

त्यातच वारा सुटला आणि रोपवे बंद पडला. तिथली गणवेशातली एक बाई येऊन खुणांनी आणि मोडक्यातोडक्या शब्दांत सांगू लागली की पाळणे कधी सुरू होतील सांगता येत नाही. ज्याला त्रास होतोय त्याने खाली उतरणं बरं. मधल्या स्थानकापर्यंत रुंद पायवाट आहे, ती स्वतः सोबत येईल. पिवळी छत्री बाकीच्यांना घेऊन उपाहारगृहाच्या काचेमागे बसली. आम्ही चौघं त्या बाईमागून निघालो. जाऊबाईंनी भावजींचा दंड धरला होता.

"सावकाश," त्या म्हणत होत्या. "पाय पूर्ण टेका. आता श्वास. घाई कोणाला आहे?"

बरंच खाली आल्यावर भावजींच्या चेहऱ्यावर रंग आला. पण ते बोलेनात. समोर जगप्रसिद्ध शिखर उभं आणि भावजी त्याची उंची सांगत नाहीत! आमचे हे घाबरले. "दादा, डोकं दुखतंय का अजून?" भावजींनी मान हलवली. "मग बोलत का नाही?"

भावजींनी तोंडावर हात ठेवला आणि पुटपुटले, "दाफ."

भावजींचे समोरचे चार दात खोटे आहेत. पट्टीवर बसवलेले, काढता-घालता येणारे. अर्थातच जाऊबाईंनी केलेले, आणि इतके झकास की तीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याला संशय आला नाही. ते नाश्त्याबरोबर कठड्यापलीकडे गेले होते.

"राहू देत," आमचे हे म्हणाले. "घरी गेल्यावर नवीन होतील. घरचाच तर कारखाना."

"आणि तोवर फोटोत काय करू?" भावजी म्हणाले, पण फकारांच्या गर्दीत ते आम्हाला दुसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं.

जाऊबाईंनी वर बघितलं. पायवाट वळणं घेत गेली होती आणि वरचं स्थानक काडेपेटीएवढं दिसत होतं. मी म्हटलं, "ताई, वेड लागलंय का? डॉक्टर काय म्हणाल्या?"

"हळू, म्हणाल्या. थांबायचं, म्हणाल्या. जायचं नाही, असं म्हणाल्या नाहीत." त्यांनी पर्स माझ्या हातात दिली. "तू चल हवं तर."

मी गेले. मला वाटलं होतं पहिल्या वळणालाच त्यांना परत आणावं लागेल. जाऊबाई गोगलगायीला लाज वाटेल अशा वेगाने चढल्या. थोडं चालायच्या, थांबायच्या, काठावरचा एखादा दगड न्याहाळायच्या, पुन्हा चालायच्या. मी मात्र तरातरा पुढे जायचे आणि धापा टाकत बसायचे. दरवेळी त्या येऊन मला गाठायच्या आणि न थांबता पुढे जायच्या. दोनदा त्यांना खोकल्याची उबळ आली. दुसऱ्यांदा त्या गुडघ्यावर हात ठेवून इतका वेळ वाकून राहिल्या की मी खाली हाका मारणार होते. मग सरळ झाल्या, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "फुप्फुस रागावलंय. पण काम करतंय."

दात कठड्याखाली खडीत पडले होते, आकाशाकडे बघत हसत. जाऊबाईंनी आधी ते उलटसुलट करून तपासले. "तडा गेला नाही," असं समाधानाने म्हणाल्या, आणि मग बाटलीतल्या पाण्याने धुतले. माझ्या समोर एवढा मोठा बर्फाचा डोंगर होता आणि ही बाई स्वतःच्या हातच्या हिरड्यांकडे बघत होती.

खाली पोचल्यावर भावजींनी आमच्याकडे पाठ करून दात बसवले, वळले, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "एवढ्या उंचीवर तू चढायला नको होतंस."

घरी परतल्यावर दुसऱ्याच सकाळी जाऊबाईंनी स्टूल घेतलं, नकाशांमागून बूट काढले आणि टेकडी गाठली. मोठ्या डोंगरावर चढून आल्यामुळे आपली टेकडी आता किरकोळ वाटेल, असा त्यांचा हिशोब होता. टेकडीला तो कोणी कळवला नव्हता. पहिल्या वळणाआधीच त्या बाकावर बसल्या. त्यांच्यासमोरून रेडिओकाका गेले. पोट सुटलेले, कानाशी रेडिओ धरून बातम्या ऐकत फिरणारे गृहस्थ. त्यांनी मान वळवून जाऊबाईंकडे दयेने बघितलं. ती दया जाऊबाईंना न्यूमोनियापेक्षा जास्त लागली.

टोळीने लगेच सल्ले द्यायला सुरुवात केली. एकाने उलटं चालायला सांगितलं, एकाने एक नाकपुडी बंद करून धावायला. शिट्टी म्हणाला, "मनाचा निश्चय हवा!" आणि निश्चयाला मदत म्हणून शिट्टी वाजवली.

जाऊबाईंनी निश्चय केला. काही दिवस चालल्यावर एका सकाळी रेडिओकाका पुढे दिसले आणि त्यांना गाठायचंच म्हणून ही बाई जीव खाऊन धावली. गाठलं. टाकीजवळ काकांना मागे टाकलं, आणि तिथेच कुंपणाला धरून खोकत बसल्या. काकांनीच रेडिओ बंद करून त्यांना खाली आणलं. संध्याकाळी ताप. घरात ताप चढला आणि सगळ्यांच्या अंगात शहाणपण चढलं. भावजी म्हणाले, "मी सांगितलं होतं." नणंदेने फोन करून तेच सांगितलं. शेजारीण प्रत्यक्ष येऊन म्हणाली.

जाऊबाई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. मी पांघरूण नीट करायला गेले तेव्हा हळूच म्हणाल्या, "नाही जमणार आता बहुतेक." त्यावर मला टोमणा सुचला नाही. असं क्वचित होतं.

डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली. फार काही नव्हतं. "एवढं जोरात कशाला धावलात?"

"एकाला मागे टाकायचं होतं."

"काही महिने कोणालाही मागे टाकायचं नाही. धावताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, इतकं हळू. वाक्य तुटलं की चालायचं." मग त्यांनी भावजींकडे बघितलं. "सोबत कोणी बोलणारं आहे का घरात?"

मी आणि आमचे हे छताकडे बघायला लागलो.

"आणि पंखा बसवला?"

भावजी म्हणाले, "भिंत..."

"भिंत मी तपासत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फुप्फुस तपासते."

त्याच आठवड्यात गवंडी आला. भावजी दिवसभर त्याला भिंत कशी फोडावी हे सांगत उभे होते. पंखा लागला, जाऊबाईंनी मास्क चढवला, आणि जिन्यातली धूळ कमी झाली. आम्हाला सवय नसल्यामुळे घर एकदम परकं वाटायला लागलं.

पुढच्या सोमवारपासून भावजी टेकडीवर जायला लागले. नवे बूट, टोपी, गळ्यात दुर्बीण. त्यांनी ठरवलं होतं की चढताना जाऊबाईंना टेकडीची भूरचना समजावून द्यायची. पहिल्या चढावर त्यांनी खडकांचे प्रकार सुरू केले. अर्ध्या चढावर वाक्यं छोटी झाली. वळणाशी नुसते शब्द उरले, आणि त्यानंतर एक ऐतिहासिक शांतता पसरली. जाऊबाई थांबल्या, मागे वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, वाक्य तुटलं. चाला आता."

हे मला जाऊबाईंनी सांगितलं. भावजींच्या सांगण्यात त्या दिवशी धुकं होतं.

पण ते जात राहिले, हे मान्य करायला हवं. हळूहळू त्यांना बाकापर्यंत बोलता यायला लागलं. जाऊबाई टाकीपर्यंत सावकाश धावायच्या, परत खाली येऊन भावजींना गाठायच्या, पुन्हा वर जायच्या. बोलायला माणूस जवळ नसला की स्वतःशीच मोठ्याने बोलायच्या, उद्याच्या कवळ्या, कोणाचा जबडा आखूड, कोणाच्या हिरड्या नाजूक. टोळीतल्या लोकांना वाटलं तापाने डोक्यावर परिणाम झाला. रेडिओकाकांनी मात्र रेडिओ बारीक केला आणि एक दिवस म्हणाले, "बाई, माझी खालची कवळी हलते. बघाल का?" जाऊबाईंना त्यांची दया पुरती फेडता आली.

जाऊबाईंनी शर्यतीत नाव घातलं, आणि फॉर्मवर घरच्यांची सही भावजींनी करायची होती. सही करताना त्यांनी एवढंच विचारलं, "बोलत बोलत ना?"

"बोलत बोलत."

शर्यतीच्या सकाळी शिट्टी वाजली आणि सगळा घोळका उधळला. जाऊबाई सगळ्यांच्या मागे, जणू वाटेत भाजी घ्यायची आहे अशा चालीने निघाल्या. मी आणि आमचे हे वर टॉवरपाशी उभे होतो. माणसं लाल तोंडाने आली, टॉवरला हात लावून गेली. मग थोडा वेळ कोणी नाही. मग आधी आवाज आला. जाऊबाई आपल्या मशीनच्या ब्रशची तक्रार करत वर येत होत्या. घामाने निथळत होत्या, पण वाक्य पूर्ण होतं. टॉवरला हात लावल्यावर त्या क्षणभर थांबल्या, पलीकडचं शहर बघितलं, आणि मला म्हणाल्या, "होता तिथेच आहे गं." मग उतारावर पाय मोकळे सोडले. उतारावर त्यांनी चक्क चौघांना मागे टाकलं. डॉक्टरीणबाईंना हे कोणी सांगितलेलं नाही.

त्यांच्या गटात त्या तिसऱ्या आल्या. बायका तीनच. भावजी शेवटच्या रेषेशी उभे होते. जाऊबाई आल्या तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते त्यांच्या स्वभावात नाही. ते पुढे झाले आणि त्यांच्या बुटाची सुटलेली नाडी खाली बसून बांधायला लागले, सगळ्या टोळीसमोर. "उतारावर नाडी सुटलेली," ते रागाने म्हणाले. "पडली असतीस म्हणजे?"

त्या दुपारी जाऊबाई जेवून झोपल्या त्या उन्हं कलेपर्यंत उठल्या नाहीत. खाली मशीन बंद होती. कोणा डॉक्टरांचा कवळीसाठी फोन आला तो भावजींनी घेतला. "आज मिळणार नाही," ते म्हणाले. "ती धावून आलीय, झोपलीय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. भावजींनी घसा साफ केला. "तिसरी आली," ते म्हणाले. गटात किती बायका होत्या, ते त्यांनी सांगितलं नाही.